ब्रिटनीतल्या खेड्यातलं चॅपेल: मोजणी आणि स्थितीचा अहवाल करताना काय पाहावं?

ओळंबा

नमस्कार मंडळी. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, मोर्बिआं जिल्ह्याच्या आतल्या भागातल्या एका वाडीवरच्या चॅपेलची मोजणी आणि स्थितीचा अहवाल करायचा आहे. मालकी कम्यूनची, म्हणजे तिथल्या पंचायतीसारख्या स्थानिक संस्थेची. वर्षातून एकदा तिथे 'पार्दों' भरतो, म्हणजे त्या संताच्या नावाची मिरवणूक, मिस्सा आणि जेवणावळ. एरवी कुलूप.

इमारत अशी: बाहेरून लांबी १८ मीटर, आतली रुंदी ७ मीटर, भिंती ग्रॅनाइटच्या आणि ८० सेंटिमीटर जाड. आराखडा टी अक्षरासारखा, पूर्वेकडे दोन बाजूंना आखूड पंख. पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीवर दोन घंटांची घंटाभिंत. दगडी घुमट नाही, आतून लाकडी फळ्यांची अर्धगोल तक्तपोशी, भिंतीच्या डोक्यावर कोरीव आडवे वासे. छप्पर स्लेटचं, वळचणीला पन्हळ नाही. बाहेरच्या दरजा कधीतरी सिमेंटने भरल्या आहेत. आतून जमिनीपासून सव्वा मीटरपर्यंत हिरवी ओल, गिलाव्याचे पोपडे. उत्तरेच्या भिंतीकडे तक्तपोशी काळी पडली आहे आणि एका तुळईचं टोक दोनेक बोटं खाली बसलंय.

काळ "१५ वं-१६ वं शतक" असं मोघम सांगतात. त्यात उरलेला गिलावा काढून आतून दगड उघडा करायचा कम्यूनचा बेत आहे. काळ कसा ठरवायचा, ओल आणि लाकूड यात आधी कशाला हात घालायचा, परवानगी कुणाची लागते? जाणकारांनी प्रकाश टाकावा. पुस्तकी माहिती थोडीफार आहे, जागेवर उभं राहून नेमकं काय तपासायचं ते हवंय.

पाखाडी

काळापासून सुरुवात करतो, कारण तिथेच सगळे घसरतात.

खिडकीच्या दगडी जाळीवरून शतक ठरवू नका. ज्वालांसारख्या वळणांची फ्लाम्बॉयंट जाळी ब्रिटनीत १५ व्या शतकात रुजली आणि पुढे १६ वं शतक उलटलं तरी गावचे पाथरवट तीच कापत राहिले. प्रबोधनकाळाचा दरवाजा आणि त्याच्या शेजारी गॉथिक खिडकी एकाच वर्षी बसवलेली असू शकते. आधी शिलालेख शोधा. दाराच्या माथ्यावर, घंटाभिंतीच्या पायथ्याशी, आणि विशेषतः तक्तपोशीखालच्या त्या कोरीव वाशांवर. तिरपा टॉर्च मारून फोटो काढा, समोरून मारलेल्या उजेडात गॉथिक अक्षरं दिसतच नाहीत. मात्र लेख ज्या भागावर आहे त्या भागाचाच काळ सांगतो. ल फाउएत गावाजवळच्या सें-फियाक्र चॅपेलमधल्या लाकडी पडद्यावर १४८० हे साल आणि ओलिव्हिए ल लोएर्गां या कारागिराचं नाव आहे, पण तिथल्या रंगीत काचा १६ व्या शतकातल्या आहेत. एकाच छताखाली दोन पिढ्यांचं काम.

दुसरं, खडे सांधे. टी आराखड्यात मुख्य दालन आणि पंख जिथे मिळतात त्या कोपऱ्यात दगडांचे थर एकमेकांत गुंतलेत की नुसते टेकलेत ते पाहा. गुंतलेले नसतील तर पंख बहुधा नंतरचे. जोत्याची उंची आणि बाहेरच्या पट्टीची रेघ पंखाजवळ तुटते का, तेही मोजा.

तिसरं लाकूड. ओकच्या तुळयांची वर्षवलयं मोजून झाड तोडल्याचा काळ काढता येतो. त्यासाठी सालीलगतचं फिकट लाकूड शाबूत असलेले नमुने हवेत, निदान आठ-दहा, वेगवेगळ्या कैच्यांमधून (कैची म्हणजे छपराची त्रिकोणी लाकडी चौकट). कोरीव किंवा रंगवलेल्या बाजूला ड्रिल लावायचं नाही. नमुने मिळोत न मिळोत, सुतारांनी सांध्यांवर कोरलेले रोमन आकडे मात्र उतरवून घ्याच. ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीने आले तर छप्पर बहुधा मूळचं. मधे उलटसुलट झाले तर कधीतरी उतरवून पुन्हा चढवलंय.

पूर्वेच्या भिंतीचा आकार नीट पाहा. बहुकोनी असेल आणि प्रत्येक बाजूला स्वतःचा त्रिकोणी माथा असेल, तर ती बोमान्वार घराण्याच्या पद्धतीची. फिलिप बोमान्वार हा १५ व्या शतकाच्या अखेरीस मोर्लेच्या परिसरात काम करणारा वास्तुकार, त्याचं हे अनुकरण पुढे दूरवर झालं. युक्ती अशी की खिडकी भिंतीच्या डोक्याच्या वर छपरात घुसते, त्यामुळे भिंत न उंचावता वेदीवर भरपूर उजेड येतो. किंमत छपराला मोजावी लागते. दर दोन माथ्यांमध्ये एक खोल पन्हळ, तिथे पानं साठतात, तिच्यातला शिशाचा पत्रा फाटतो, पाणी थेट भिंतीच्या पोटात. तुमच्या चॅपेलला तसे माथे असतील तर प्रत्येक पन्हळीखालची आतली बाजू वेगळी नोंदवा.

आता घंटाभिंत. मनोऱ्याचा खर्च परवडत नसे, म्हणून त्रिकोणी भिंतच जाड करून वर उचलायची आणि तिच्यात घंटांसाठी कमानी सोडायच्या. सें-फियाक्रला तिला दोन्ही बाजूंनी जिन्याचे बुरूज जोडून मोठा थाट केलाय, बहुतेक ठिकाणी मात्र छपराच्या कडेने दगडी पायऱ्या एवढंच. घंटा हलते तेव्हा तिचा धक्का या पातळ भिंतीला तिच्या सगळ्यात अशक्त दिशेने बसतो. घंटेची लाकडी चौकट दगडात घट्ट पाचरली आहे की तिला थोडी मोकळीक आहे, ते पाहा. घट्ट असेल तर कमानीच्या पायाशी आडवी फट हमखास सापडेल. जुन्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या की दगड फोडतात, त्याही शोधा. टोक तुटकं दिसलं तर लगेच १६७५ च्या करविरोधी बंडाची गोष्ट चिकटवू नका. बंडाची शिक्षा म्हणून मनोरे उतरवले ते शेजारच्या फिनिस्तेर जिल्ह्याच्या दक्षिणेत, बिगूदें भागात. पों-लाबेजवळचं लांबूर आणि प्लोनेऊर-लांव्हेर्नचं लांगिव्होआ ही त्याची उघड उदाहरणं. मोर्बिआंच्या आत वीज पडणं हे जास्त साधं कारण.

जाता जाता, जमलं तर आतल्या लाकडी पडद्याच्या खुणा शोधा. वेदी आणि लोक यांच्यामध्ये असा पडदा आणि वर गॅलरी असे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर, म्हणजे १५६३ नंतर, वेदी सगळ्यांना दिसावी म्हणून मोठ्या चर्चमधले पडदे काढून टाकले गेले. वर्षातून एकदा उघडणाऱ्या चॅपेलकडे कुणी फिरकलं नाही, म्हणून सें-फियाक्र, प्लूव्होर्नचं लांबादेर आणि प्लूबेझ्रचं केर्फों इथले टिकले. सें-फियाक्रच्या पडद्यावर भिक्षूचा झगा घालून कोंबड्यांना प्रवचन देणारा कोल्हा आहे, तो बघायला तरी वाट वाकडी करा. तुमच्याकडे पडदा नसला तरी दोन्ही भिंतींत समोरासमोर, साधारण एकाच उंचीवर बुजवलेली भोकं दिसली तर ती त्याच्या तुळईची. गॅलरीवर जायच्या जिन्याचं बुजवलेलं दार कधी कधी गिलाव्याखाली असतं.

चुन्याचा_घाणा

भिंतीबद्दल. ही ८० सेंटिमीटरची भिंत अखंड दगडाची नाही. बाहेर एक थर, आत एक थर, मधे चिपा आणि चिकणमाती. बऱ्याच ठिकाणी दगड बसवलेत तेही मातीतच, चुना फक्त दरजांच्या तोंडाशी. हे डोक्यात ठेवलं की सिमेंट का नको ते आपोआप कळतं. सिमेंटची दरज ताठ असते, भिंत थंडी-उन्हाने हलते, दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. ब्रिटनीत पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. तो त्या फटीतून आत शिरतो आणि परत निघायला वाट सापडत नाही. मग मधली माती भिजते, खाली बसते, बाहेरचा थर पोट काढतो. पाणी सुकतं ते आतल्या बाजूने, गिलाव्यातून. तुमची हिरवी ओल आणि पोपडे यांचा मोठा हिस्सा तिथून येतोय असा माझा कयास. पण कयास अहवालात लिहायचा नसतो, म्हणून मोजा.

पिनांचं ओलावा-मीटर भिंतीवर वापरू नका, क्षारांमुळे ते काहीही आकडे दाखवतं. भिंतीच्या दरजांमधून ड्रिलने भुकटी काढा: जमिनीपासून २०, ६०, १०० आणि १५० सेंटिमीटरवर, प्रत्येक ठिकाणी ५ आणि १५ सेंटिमीटर खोलीवर. डबी घट्ट बंद करून वजन, मग ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवून पुन्हा वजन. वर जाताना आकडा सरळ कमी होत गेला तर ओल जमिनीतून चढतेय. १५० लाही तेवढाच राहिला तर पाणी दरजांतून किंवा छपरातून. पृष्ठभागच ओला आणि १५ सेंटिमीटर आत कोरडं असेल तर ते हवेतलं बाष्प. बंद चॅपेलमध्ये वसंतात थंड भिंतीवर उबदार हवा लागली की हे होतंच.

मग बाहेर जा. छपराला पन्हळ नाही हा दोष नाही, पूर्वीपासून पाणी वळचणीवरून मोकळंच पडतं. प्रश्न जमिनीचा आहे. शेकडो वर्षं पानं, माती साठून चॅपेलभोवतीचं अंगण वर आलेलं असतं. आतल्या फरशीपेक्षा बाहेरची माती किती उंच आहे ते चारही बाजूंनी दर दोन मीटरवर मोजा. चढाच्या बाजूला २०-३० सेंटिमीटरचा फरक निघाला तर नवल नाही. कुणी भिंतीला लागून काँक्रीटचा पट्टा घातला असेल तर त्याचीही नोंद करा. त्या पट्ट्याखालचं पाणी बाजूला जाऊ शकत नाही, म्हणून भिंतीत चढतं. आतली फरशी उचलून खाली काँक्रीट ओतलं तरी हाच परिणाम.

उपाय सुचवताना क्रम असा लिहा: आधी छप्पर, मग बाहेरची माती खाली घेणं, मग दरजा, आतला गिलावा सगळ्यात शेवटी. चर खणायचाच असेल तर पायाला लागून नाही, मीटर-दीड मीटर दूर, उतार मीटरला एक सेंटिमीटर. आणि पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय फावडं लावायचं नाही. ही चॅपेलं कशावर उभी आहेत ते वरून कळत नाही. कोत-दार्मोर जिल्ह्यातल्या ल व्हिय-मार्शे इथलं सात संतांचं चॅपेल १७०३ ते १७१४ दरम्यान बांधलं, त्याच्या एका पंखाखाली चक्क महापाषाणकालीन दगडी थडगं आहे आणि तेच तळघर म्हणून वापरात आहे. (तिथेच १९५४ पासून इस्लामचे फ्रेंच अभ्यासक लुई मासिन्यों यांच्या पुढाकाराने जुलैच्या पार्दोंला मुसलमान यात्रेकरूही येतात. गुहेत झोपलेल्या सात जणांची कथा कुराणाच्या १८ व्या सुऱ्यातही आहे.)

दरजांचं काम: सिमेंट छिन्नी-हातोडीने काढायचं, ग्राइंडरने नाही. चकती एकदा दगडाच्या कडेत घुसली की ती कड कायमची गेली. घडीव दगडांच्या तीन-चार मिलिमीटरच्या बारीक दरजेत सिमेंट घट्ट धरून बसलं असेल आणि काढताना कड तुटत असेल तर तिथे राहू द्या, बाकीची भिंत मोकळी झाली की पुरे. ओबडधोबड दगडात ३-४ सेंटिमीटर खोल साफ करा, ब्रशने धूळ झाडा, आदल्या संध्याकाळी आणि सकाळी पाणी मारा. मिश्रण नैसर्गिक हायड्रॉलिक चुन्याचं, एनएचएल २, फार उघड्यावर ३.५. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग शून्य ते चार मिलिमीटरची वाळू. एनएचएल ५ या मऊ भरावाच्या भिंतींना नको, तो सिमेंटच्या वाटेनेच जातो. वाळू गावचीच घ्या, रंग तिच्यातून येतो. भरल्यावर थापीने गुळगुळीत करायचं नाही. अंगठा दाबून ठसा उमटत नाही इतकं आवळलं की ताठ ब्रशने मागे घासायचं, म्हणजे वाळूचा दाणा उघडा पडतो आणि दरज श्वास घेते. नंतर तीन-चार दिवस ओलं गोणपाट. ५ अंशांखाली काम नाही, आणि पहिल्या गोठण्याआधी चुन्याला काही आठवडे मिळायला हवेत, म्हणून सप्टेंबर संपेपर्यंत आटपायचं.

कोकणात चिऱ्याच्या देवळांना सिमेंटचा गिलावा चढवून आतून ओल येते, तिचं गणित वेगळं नाही.

घडीव

वरच्याशी बाकी सहमत, पण आतून दगड उघडा करायला काय हरकत? गिलावा निघाला की भिंत लवकर सुकेल, आणि ग्रॅनाइट दिसतोही छान.

चुन्याचा_घाणा

दोन कारणांनी हरकत आहे. एक, आतली भिंत उघडी ठेवायला बांधलेलीच नाही. आतल्या थरात ओबडधोबड दगड आणि माती, त्यावर चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी हा तिचा भाग आहे. गिलावा गेला की दरजांतली माती झडते, आणि मग ती थांबवायला कुणीतरी सिमेंट आणतो. शिवाय ग्रॅनाइट काळसर, खिडक्या छोट्या. सफेदी नसेल तर आत अंधार.

दोन, खाली काय आहे ते माहीत नसतं. प्लूआजवळच्या केर्मारिआ-आन-इस्कुइट चॅपेलमधलं मृत्यूनृत्याचं चित्र, राजापासून शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाचा हात धरून नाचणारे सांगाडे, १८५६ मध्ये सफेदीच्या थराखाली सापडलं. कुणी आधीच भिंत खरवडून 'दगडाचं सौंदर्य' काढलं असतं तर आज तिथे ग्रॅनाइट दिसला असता. केर्नास्क्लेदेंच्या चर्चमध्येही मृत्यूनृत्य आणि नरकाचं चित्र आहे, १५ व्या शतकातलं. ते तर तुमच्याच जिल्ह्यात.

म्हणून ओळंबा, अहवालात लिहा: गिलाव्याला हात लावण्याआधी भित्तिचित्रांच्या तज्ज्ञाकडून खिडक्या उघडून घ्याव्यात. खिडकी म्हणजे १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन, स्काल्पेलने थराथराने. जागा: वेदीच्या दोन्ही बाजू, खिडक्यांच्या कमानींच्या आतली पोटं, पंखांच्या कमानींच्या वरचा भाग. खालचे पोपडे आलेले सव्वा मीटर क्षारांनी भरलेले असणार, तिथला चुन्याचा गिलावा बदलावा लागेल. वरचा ठेवा.

ओळंबा

भरभरून माहिती, आभार. भिंतीच्या भुकटीच्या नमुन्यांची यादी तशीच्या तशी घेतोय. लाकडाबद्दल कुणी सांगेल का? खाली बसलेल्या तुळईखाली टेकू लावायचा का आत्ताच? आणि बाकांवर एका ठिकाणी विटकरी रंगाची बारीक भुकटी पडलेली फोटोत दिसतेय, ती भुंग्याची असेल का?

सुतारपक्षी

विटकरी भुकटी भुंग्याची नसते. भुंग्याची भुकटी लाकडाच्या रंगाची, ओक पोखरणाऱ्या मोठ्या भुंग्याची तर हाताला दाणेदार लागते आणि भोकं २ ते ४ मिलिमीटरची दिसतात. विटकरी, पिठासारखी आणि सगळ्या पृष्ठभागांवर समान पसरलेली असेल तर ती मेरूल या बुरशीचे बीजाणू समजा आणि हेच अहवालाचं पहिलं पान करा. ब्रिटनीत ही बुरशी फार. तिला २० टक्क्यांच्या वर ओलं लाकूड, २० अंशांच्या आसपास तापमान, अंधार आणि कोंडलेली हवा लागते. अकरा महिने कुलूपबंद चॅपेल म्हणजे तिला हवं ते सगळं. तिचे तंतू दगडी भिंतीतून मीटर-मीटर चालत जाऊन कोरड्या वाटणाऱ्या लाकडाला गाठतात.

शोधायचं ते असं: कापसासारखा पांढरा थर, मधे लिंबासारखे पिवळे डाग. पेन्सिलीएवढ्या जाडीचे राखाडी दोरे. लाकूड चौकोनी तुकड्यांत तडकलेलं. बाकांच्या मागे, पुतळ्यांच्या लाकडी चौथऱ्यांखाली, वेदीमागच्या कोरीव फलकाच्या पाठीमागे आणि उत्तरेच्या भिंतीवर तक्तपोशी जिथे टेकते तिथे. सापडली तर काहीही ओढून काढू नका, बीजाणू आणखी पसरतात. नमुना पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत, आणि कम्यूनला लेखी कळवा. २०१४ च्या कायद्यानंतर मेरूल सापडल्यास मेरीत म्हणजे कम्यूनच्या कचेरीत नोंद करणं बंधनकारक आहे. इथे इमारत कम्यूनचीच असल्याने निदान लेखी कागद हवा.

तुळई. टेकू हवाच, पण फरशीवर नुसता खांब ठोकू नका. खाली दोन फळ्या आडव्या टाकून भार पसरवा, वर तुळईच्या कोरीव तोंडाखाली नाही तर अर्धा मीटर आत, मधे नरम लाकूड घालून. वर ढकलायचं नाही, फक्त पेलायचं. ब्रिटनीच्या तुळयांची टोकं बऱ्याचदा उघड्या जबड्याच्या मगरीसारखी किंवा ड्रॅगनसारखी कोरलेली असतात, नेमकं तेच टोक भिंतीत कुजतं. वळचणीजवळची स्लेट सरकली की पाणी आधी भिंतीच्या डोक्यावरच्या वाशात शिरतं, तिथून तुळईच्या टोकात. मापन: लेझर लेव्हलने सगळ्या तुळयांची दोन्ही टोकं आणि मध्य, एकाच शून्य रेषेवरून. टोच्याने टोकाजवळ, खालून आणि बाजूने टोचा, किती मिलिमीटर शिरतो ते लिहा. पिनांचं मीटर लाकडावर चालतं, भिंतीपासून १०, ३० आणि ६० सेंटिमीटरवर आकडे घ्या. दुरुस्ती सुचवताना पूर्ण तुळई बदला असं लिहू नका. कुजलेलं टोक कापून नव्या ओकचं टोक तिरक्या, पाचर मारलेल्या सांध्याने जोडणं तिथल्या सुतारांना नेहमीचं आहे.

तक्तपोशीच्या छपरात दर तीन-चार कैच्यांनंतर एकीलाच तुळई असते, मधल्या नुसत्या वाकलेल्या वाशांवर उभ्या असतात आणि भिंतीला बाहेर रेटतात. एखादी तुळई पूर्वी कुणी कापली असेल, मोठा फलक बसवायला किंवा समोरचं दिसावं म्हणून, तर नेमकी तिथे भिंत बाहेर झुकलेली सापडेल. म्हणून ओळंब्याची दोरी प्रत्येक तुळईपाशी आणि दोन तुळयांच्या मधे, दोन्हीकडे सोडा. दोरी आणि भिंत यांच्यातलं अंतर छपराच्या नकाशावर आकड्यांत लिहिलं तर कुठल्या कैचीने काम सोडलंय ते लगेच वाचता येतं.

दगडी घुमट का नाही, असा प्रश्न पुढे कुणीतरी विचारेलच. ग्रॅनाइटचे हलके कमानदगड घडवणं महाग, त्यांचं वजन पेलायला बाहेर मोठे टेकू हवेत. चांगले सुतार मात्र घरचेच. केर्नास्क्लेदेंला रोहां या सरदार घराण्याचा पैसा होता म्हणून तिथे दगडी घुमट झाला.

फळ्या रंगवलेल्या असू शकतात, काळ्या थराखालीही. शातलोद्रेंच्या नोत्र-दाम-द्यु-तेर्त्रमध्ये आणि प्लूग्रेस्कांच्या सें-गोनेरीत तक्तपोशी १५ व्या-१६ व्या शतकात चित्रांनी भरलेली आहे. तिथला रंग पाण्यात विरघळणाऱ्या बांधणीचा असतो. ओलं फडकं फिरवलं की चित्र फडक्यावर. जवसाचं तेल, व्हार्निश, किडीचं औषध फवारणं हे काहीच अहवालाच्या शिफारशींत आणू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडणंही तज्ज्ञाचं काम आहे.

तक्तपोशी आणि स्लेट यांच्या मधल्या पोकळीत शिरण्याआधी वटवाघळं आहेत का ते विचारा. केर्नास्क्लेदेंच्या चर्चच्या माळ्यावर मोठ्या घोडनाल वटवाघळांची वसाहत आहे, गावात त्यावर एक संग्रहालयही आहे. फ्रान्समध्ये ती संरक्षित. पिल्लं असतात तेव्हा, साधारण मे ते ऑगस्ट, तिथे टॉर्च घेऊन फिरणंही चालत नाही. तुमचं काम उन्हाळ्यात असेल, तर हा मुद्दा पहिल्याच दिवशी येणार. हवा खेळती राहावी म्हणून जाळ्या सुचवाल तेव्हा त्यांच्या येण्याजाण्याची फट बंद होणार नाही हे पाहा.

दप्तर

परवानगीचं थोडक्यात. १९०५ च्या कायद्याने धर्म आणि सरकार वेगळे झाले, आणि त्याआधीची बहुतेक चॅपेलं कम्यूनच्या मालकीची झाली. वापर मात्र पूजेसाठी राखलेला, म्हणजे वेदीची जागा हलवायची किंवा आत संगीताचा कार्यक्रम करायचा तर धर्मगुरूची संमती लागते. काही चॅपेलं जुन्या वाड्यांसोबत खाजगी राहिली, तुमचं तसं नाही.

पुढे इमारतीचा दर्जा पाहा. १९१३ च्या कायद्यापासून चालत आलेल्या दोन पायऱ्या आहेत, 'क्लासे' (पूर्ण संरक्षित) आणि 'इन्स्क्री' (यादीत नोंदलेली). पहिली असेल तर रेनमधल्या द्राक या सरकारी संस्कृती कार्यालयाच्या मंजुरीशिवाय खिळाही नाही. दुसरी असेल तरी त्यांना विचारूनच. चॅपेल स्वतः संरक्षित नसलं पण ५०० मीटरच्या आत दुसरं संरक्षित स्मारक असेल, तर जिल्ह्याच्या सरकारी वास्तुकाराचं मत लागू शकतं. आणि लोक हे विसरतात: इमारत असंरक्षित असूनही आतला एखादा पुतळा, घंटा किंवा काच स्वतंत्रपणे संरक्षित असू शकते. जिल्ह्यात जुन्या वस्तूंचा एक संरक्षक अधिकारी असतो, त्याच्याकडे यादी मागा. टेकू लावायलासुद्धा जवळचा पुतळा हलवावा लागला तर त्याला आधी कळवायचं.

जायच्या आधी मेरिमे या सरकारी माहितीसंग्रहात आणि प्रांताच्या वारसा नोंदींत नाव शोधा. १९६४ मध्ये देशभराची वारसा नोंदणी सुरू झाली तेव्हा ब्रिटनी पहिल्यांपैकी होती, त्यामुळे जुने फोटो सापडायची शक्यता चांगली. त्या फोटोंवरून सिमेंटच्या दरजांचं दशक ठरवता येईल. पैशासाठी फोंदास्यों द्यु पात्रिमोआन देणगी मोहीम चालवते. १९५२ पासूनची ब्रेझ सांतेल ही संस्था नेमकी अशाच चॅपेलांसाठी काम करते. पोंतिव्हीच्या आसपास असाल तर १९९२ पासून दर उन्हाळ्यात चॅपेलांमध्ये समकालीन कलेचं प्रदर्शन भरतं. त्या काळात एरवी बंद असलेली शेजारची दारं उघडी मिळतात, तुलनेसाठी त्याचा फायदा घ्या.

ओळंबा

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं: कम्यूनला छपराचा ढोबळ अंदाजही हवाय. स्लेटची संख्या कशी काढायची? उतार ५० अंश धरला आहे.

पाखाडी

बाहेरची रुंदी ७ अधिक दोन भिंती, म्हणजे ८.६ मीटर. अर्धी ४.३. भागिले ५० अंशांचा कोसाइन ०.६४३, पाखाची लांबी ६.७ मीटर. दोन पाखं गुणिले १८, झाले सुमारे २४० चौरस मीटर, पंख आणि वळचणीचा पुढावा सोडून.

३२ बाय २२ सेंटिमीटरची स्लेट आणि १० सेंटिमीटर चढावा धरला तर दिसणारा भाग ३२ वजा १०, भागिले दोन, म्हणजे ११ सेंटिमीटर. ०.२२ गुणिले ०.११ ने एकाला भागा: चौरस मीटरला ४१ नग. मुख्य दालनाला दहा हजारांच्या आसपास, वर ५ ते १० टक्के तुटफूट. पंख वेगळे मोजा, दोन पाखांच्या मधल्या पन्हळीजवळ कापाकापी जास्त असते, तिथे १५ टक्के धरा.

त्याआधी एक काम करा. आत्ता छपरावर कुठली स्लेट आहे ते पाहा. ब्रिटनीतल्याच मों-दारे डोंगरांची जाड, ओबडधोबड स्लेट असेल तर वरचं गणित लागू नाही, ती वेगवेगळ्या मापांची असते, खाली मोठी आणि आढ्याकडे लहान होत जाते. ती उतरवून टणत्कार ऐकून निवडायची. खणखणीत वाजणारी परत वापरता येते, बद्द आवाजाची टाकायची. आंजेची पातळ स्लेट असेल तर तशीच नवी मिळणार नाही, आंजेजवळच्या त्रेलाझेच्या खाणी २०१३ मध्ये बंद झाल्या. बाजारात येते ती बहुतेक स्पेनची. घेताना पायराइटचे दाणे पाहून घ्या, गंजाचे ओघळ येतात आणि पुढे तिथेच भोक पडतं. आणि खिळे की हूक हे अंदाजपत्रकात वेगळं लिहा. संरक्षित इमारतीवर चकाकणारे स्टीलचे हूक सहसा मंजूर होत नाहीत, तांब्याचे खिळे मागतात, मजुरी त्याने वाढते.